माघ-फाल्गुनातली गॅलरी : पहिल्यांदाच कुंडी लावणाऱ्यांसाठी

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा असला तरी आपल्याकडे त्याची कामं माघातच सुरू होतात. वसंत पंचमीपासून गुढीपाडव्यापर्यंत जेमतेम आठ आठवडे मिळतात. पुण्यात फेब्रुवारीत पहाटे पारा १२-१३ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी बत्तिशीला टेकतो. मार्च संपता संपता दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. विदर्भात तर मार्चअखेर पारा चाळिशीकडे झुकतो. म्हणजे थंडीही सोसवते आणि ऊनही सोसवतं असा काळ वर्षातून एवढाच.

या दिवसांत घरात-बागेत जे सुख मिळतं त्याला पैसा फारसा लागत नाही, वेळ मात्र साधावी लागते. मोगरा फेब्रुवारीत छाटला तर मार्च-एप्रिलमध्ये घर दरवळतं. छाटणी लांबली की ऐन बहराचे दिवस नुसती पानं बघण्यात जातात. कोथिंबीर फेब्रुवारीत पेरली तर हातभर येते, मार्चच्या उत्तरार्धात पेरली तर पानांआधी फुलावर जाते. म्हणून पुढे जे सांगतो आहे ते शक्यतो त्याच क्रमाने करा. ज्यांनी आजवर एकही कुंडी लावलेली नाही, ज्यांच्याकडे अंगण नाही, फ्लॅटची चार-सहा फुटांची गॅलरी आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

आधी ऊन कुठे पडतं ते बघा

नर्सरीत जाण्याआधी एक रविवार घरी काढा. सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता गॅलरीत जाऊन ऊन फरशीवर कुठवर आलं आहे तिथे खडूने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. खर्च शून्य, पण सगळ्या बागेचा पाया यात आहे. मोगरा, गुलाब, भेंडी यांना किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. तीन-चार तास मिळत असेल तर पालेभाज्या आणि पुदिना होतो. थेट ऊन येतच नसेल तर फुलांचा हट्ट धरू नका. मनीप्लांट, शोभेचं अळू, स्नेक प्लांट यांची हिरवाई तिथे छान राहते.

एक गोष्ट बहुतेक नवख्यांच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारीत दिसणारं ऊन एप्रिलमध्ये त्याच जागी नसतं. आता सूर्य दक्षिणेकडे कललेला आहे, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन थेट भिंतीपर्यंत आत शिरतं. २०-२१ मार्चला सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो, त्यानंतर उत्तरेकडे सरकत जातो आणि मेच्या मध्यात पुणे-मुंबईत भरदुपारी थेट डोक्यावर येतो. म्हणजे दक्षिणेच्या गॅलरीतलं ऊन आठवड्यागणिक कठड्याकडे मागे हटत जातं. भिंतीलगत ठेवलेला मोगरा एप्रिलमध्ये सावलीत बसतो आणि माणूस खताला दोष देतो. म्हणून कुंड्या पहिल्यापासून कठड्याच्या बाजूला ठेवा, किंवा निदान सरकवता येतील अशा ठेवा. उत्तरेच्या गॅलरीचं याच्या उलट होतं. थंडीत जिथे उन्हाचा मागमूस नसतो तिथे पाडव्यानंतर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येऊ लागतं.

पूर्वेची गॅलरी असेल तर तुम्ही भाग्यवान. सकाळचं कोवळं ऊन जवळजवळ सगळ्या झाडांना मानवतं. पश्चिमेची असेल तर मार्चच्या मध्यापासून दुपारचं ऊन झाडांना पोळतं; तिथे गोकर्ण, सदाफुली, भेंडी अशी चिवट मंडळी लावा.

पाच कुंड्या पुरेत

पहिल्या वर्षी पाचपेक्षा जास्त कुंड्या घेऊ नका, याबाबत मी ठाम आहे. नर्सरीत फेब्रुवारीत सगळंच फुललेलं असतं. पिटुनिया, डायंथस, शेवंती बघून हात आवरत नाही. पण ही थंडीची फुलं आहेत, ऊन तापलं की महिन्या-दीड महिन्यात उरकतात. ती कापलेल्या फुलांसारखी चार दिवसांची हौस म्हणून आणायची असतील तर जरूर आणा, बाग त्यांच्यावर उभी करू नका.

माझी निवड अशी : एक मोगरा, एक कढीपत्ता, एक तुळस, एका पसरट टबात पालेभाजी आणि एका कुंडीत पुदिना. पुदिना विकत आणायचीही गरज नाही. भाजीच्या जुडीतल्या जाडसर काड्या खालची पानं काढून पाण्यात उभ्या ठेवा, आठवडाभरात मुळं सुटतात, मग मातीत खोवा.

मोगरा आणि कढीपत्त्याला १२ इंची कुंडी घ्या. पालेभाजीला सहा-सात इंच खोल टब पुरतो, तो पसरट असला म्हणजे झालं. मातीची कुंडी मुळांना हवा देते, दिसायलाही छान असते, पण उन्हाळ्यात लवकर सुकते. दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांनी प्लास्टिकची कुंडी किंवा ग्रो बॅग (झाड लावायची पिशवी) घेतली तर रोजची धास्ती कमी होते. कुंडी कसलीही असो, तळाला भोक हवंच. भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा. कुंडीखाली ताटली ठेवायला विसरू नका. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातकट पाणी गळलं की बागेवरून शेजारधर्म बिघडतो.

माती भरताना दोन भाग चाळलेली माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं मिश्रण करा. प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड घाला. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर वास शेणाचा आला तर ते कच्चं आहे, मातीचा आला तर तयार आहे. कच्चं खत कुंडीत गरम होतं आणि मुळं जाळतं. नुसती काळी माती भरू नका. ती ओली असताना चिकट गोळा होते आणि वाळली की दगड होऊन कुंडीच्या कडांपासून सुटते. मग घातलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात.

कुंडी काठोकाठ भरू नका. वर दीड-दोन इंच मोकळी जागा सोडली नाही तर पाणी साठायला वाव राहत नाही.

मोगऱ्याची छाटणी

या हंगामातलं सगळ्यात आनंदाचं काम हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीवर. जुनी फांदी कितीही जोमदार दिसली तरी तिच्यावर कळ्यांची आशा नाही. थंडीत झाड निजल्यासारखं असतं, पानं गडद आणि जून झालेली असतात. त्याला जागं करून नवी फूट काढायला लावायची, एवढाच या कामाचा अर्थ.

आधीपासून घरात मोगरा असेल तर जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी तोडत आणा. आठवडाभर अगदी थोडं पाणी द्या, पानं किंचित मलूल होऊ द्या. मग धारदार कात्रीने किंवा सिकेटरने (झाडं छाटायच्या कात्रीने) प्रत्येक फांदी साधारण एक तृतीयांश कमी करा. काप पानाच्या पेराच्या जरा वर, तिरपा घ्या. काटक्या झालेल्या, आतल्या बाजूला वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढा. उरलेल्या फांद्यांवरची जुनी पानं हाताने खुडून टाका. शेवटी झाड उघडंबोडकं दिसतं आणि नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. तसंच दिसायला हवं.

मग खुरप्याने वरची दोन इंच माती हलकेच मोकळी करा, मुळांना धक्का लावू नका. एक-दोन दिवस तिला ऊन खाऊ द्या. नंतर दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून भरपूर पाणी द्या, तळातून निथळेपर्यंत. दहा-पंधरा दिवसांत पोपटी कोंब दिसू लागतात आणि त्यानंतर तीन-चार आठवड्यांत त्यांच्या टोकांना कळ्या धरतात. या काळात युरिया किंवा कोणतंही नत्र जास्त असलेलं खत घालू नका. झाड हिरवंगार होतं, पण नुसतं पानांनीच भरतं.

नवं रोप घेणार असाल तर कळी लागलेलंच निवडा, म्हणजे जात कळते. बट मोगऱ्याची कळी गोल आणि गच्च, मदनबाणाची लांबट, टोकदार. वेली मोगरा पसरतो, त्याला कठड्याचा आधार लागतो. नर्सरीतून आणलेल्या रोपाची लगेच कुंडी बदलून लगेच छाटणी करू नका. नव्या जागी आठ-दहा दिवस रुळू द्या आणि पहिला बहर येऊन गेल्यावर छाटा.

बहर आल्यावरही कात्री हाताशी ठेवा. फुलं संपलेली टोकं खालच्या दोन पानांसकट खुडली की तिथून दोन नव्या फुटी येतात आणि काही आठवड्यांनी दुसरा बहर. असं करत करत पाऊस येईपर्यंत फुलं मिळतात. कळ्या संध्याकाळी टपोऱ्या आणि पांढऱ्याशुभ्र झाल्या की तोडा. रात्री घरात उमलतात. औषध न फवारलेली दोन फुलं माठात टाकली तर सकाळचं पहिलं पाणी काय लागतं, ते पिऊनच बघा.

पेरणी

फेब्रुवारीत पहिल्यांदा पेरायचं ते पालेभाजीचं बी. लाल माठ, राजगिरा आणि तांदुळजा यांचं बी मोहरीपेक्षाही बारीक असतं. मूठभर कोरड्या वाळूत ते मिसळून टबावर भुरभुरावं म्हणजे एकाच जागी दाटी होत नाही. वर मातीचा अगदी पातळ थर द्या. झारीच्या बारीक धारेनेच पाणी द्या. तांब्याने ओतलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. चार-पाच दिवसांत उगवण दिसते. महिन्याभरात भाजी तयार होते. उपटू नका, मुळापासून दोन इंच वर कापा, पुन्हा फुटते.

कोथिंबिरीचे धणे लाटण्याने हलके रगडून दोन डाळिंब्या सुट्या करा आणि रात्रभर भिजवून पेरा. उगवायला आठ-बारा दिवस लागतात, तोवर माती सुकू द्यायची नाही आणि उकरून बघायचंही नाही. हिला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हवी.

भेंडीचं बी कोमट पाण्यात रात्रभर ठेवून पेरलं तर पहाटेच्या गारव्यातही लवकर रुजतं. ४५ ते ५५ दिवसांत पहिली भेंडी मिळते. पण एका-दोन झाडांच्या भेंड्या एका भाजीला पुरत नाहीत, निदान सहा-आठ झाडं लागतात. तेवढी जागा असेल तर जरूर लावा. पिवळ्या पाकळ्या आणि आत गडद तांबडा डोळा असलेलं भेंडीचं फूल कोणत्याही शोभेच्या फुलापेक्षा कमी देखणं नसतं. भेंडी बोटाएवढी झाली की तोडा, दोन दिवस राहिली तर जून होते.

गच्ची असेल आणि वेल चढवायला मांडव असेल तर दोडका, दुधी, काकडी, कारलं हे सगळं आत्ताच लावायचं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. त्या वेळी शहरातल्या गच्चीवर मधमाश्या फिरकतातच असं नाही. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी दिसतो, नर फूल नुसत्या देठावर असतं. संध्याकाळी नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलात हलकेच टेकवा. हे केलं नाही तर छोटे दुधी पिवळे पडून गळतात आणि लोक कीड लागली म्हणून औषध मारत बसतात. विदर्भ-मराठवाड्यात वेल लावणाऱ्यांनी फेब्रुवारीतच पेरणी उरकावी, उन्हाचा तडाखा बसायच्या आत वेल मांडवावर पोचायला हवा.

फुलांची हौस फुकटात भागवायची असेल तर कुणाकडून तरी चिनी गुलाबाच्या, म्हणजे ऑफिस टाइमच्या, चार काड्या मागून आणा. बोटभर काडी ओल्या मातीत खोचली की रुजते. उन्हाळाभर सकाळी उमलते, दुपारनंतर मिटते.

कढीपत्ता थंडीत पिवळा पडून पानं गाळतो. तो मेला असं समजून फेकू नका. फेब्रुवारीत शेंडा खुडा, मातीत थोडं खत मिसळा, पंधरवड्यातून एकदा पाणी घालून पातळ केलेलं आंबट ताक द्या. मार्चमध्ये तो नव्या पालवीने भरतो. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडत राहा. बी धरू दिलं की झाडाचा जोर ओसरतो. सुकलेल्या मंजिऱ्या हातावर चोळून दुसऱ्या कुंडीत टाकल्यात की नवी रोपं आपोआप येतात.

पाणी आणि पाचोळा

किती पाणी द्यायचं, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. याचं उत्तर लिटरमध्ये देता येत नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर पाणी देऊ नका, कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत द्या. शेतकरी वाफसा बघून काम करतात, माती ओलीही आणि मोकळीही असते ती अवस्था. कुंडीतही तीच साधायची आहे. रोज थोडं थोडं शिंपडण्याने फक्त वरचा थर भिजतो आणि मुळं वरच्या वरच घुटमळतात. फेब्रुवारीत एक दिवसाआड पाणी पुरतं, मार्चच्या मध्यापासून रोज सकाळी लागतं. दुपारी पानं मलूल दिसली तरी घाबरून पाणी ओतू नका. उन्हाने झाडं तात्पुरती मान टाकतात. संध्याकाळीही तशीच दिसली तर मग खरी तहान.

आपल्या वसंताचं वैशिष्ट्य असं की पानगळ आणि पालवी इथे हातात हात घालून येतात. सोसायटीच्या आवारात फेब्रुवारी-मार्चमध्ये पाचोळ्याचे ढीग लागतात आणि बऱ्याच ठिकाणी ते पेटवले जातात. त्यातला एक पोतंभर मागून आणा. हाताने चुरून प्रत्येक कुंडीत दोन इंच जाडीचा थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका. उन्हाळ्यात पाण्याची एवढी बचत दुसऱ्या कशानेच होत नाही. उरलेला पाचोळा झाकणाच्या, भोकं पाडलेल्या डब्यात साठवा आणि स्वयंपाकघरातल्या भाज्यांच्या देठा-सालींवर दर वेळी त्याचे दोन-तीन मुठी थर द्या. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट पाचोळा पडला की वास येत नाही, चिलटं होत नाहीत. आठवड्यातून एकदा हलवत राहिलात तर पावसाळ्याच्या तोंडावर घरचं खत तयार.

कीड थोडी येणारच. हवा कोरडी आणि गरम झाली की जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो, पांढऱ्या कापसाच्या बोळ्यांसारखा दिसतो. कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर काहीतरी आहे असं समजा. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. पुन्हा आली तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. भर उन्हात फवारू नका, पानं करपतात. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

घरातली कामं

होळीच्या आसपास माठ आणा. वाजवून घ्या, आवाज खणखणीत आला तर तडा नाही. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून किंवा भरून ठेवा आणि पहिलं-दुसरं पाणी झाडांना घाला. साबण लावून घासू नका. साबण मातीच्या छिद्रांत मुरतो आणि त्याची चव पाण्याला येते. नारळाच्या शेंडीने घासणं पुरे. पाणी गार होतं ते माठाच्या अंगावरून बाष्प उडाल्यामुळे, म्हणून तो कोपऱ्यात कोंबू नका, खिडकीजवळ वाऱ्यावर, पण उन्हापासून दूर, तिवईवर ठेवा. मुंबईत आणि कोकणात हवाच दमट, तिथे माठ नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडच्याइतका गार होणार नाही. अनेक वर्षं वापरलेल्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजतात. तो कुंडी म्हणून वापरा आणि नवा घ्या.

वाळ्याची जुडी आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. धुऊन, पातळ फडक्यात बांधून रात्री माठात सोडा. सकाळी काढून वाळवा, काही दिवस पुन्हा पुन्हा वापरता येते.

वाळवणांत पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांनी कुरडयांच्या वाटेला जाऊ नये. गहू तीन दिवस भिजवणं, चीक काढणं, चीक शिजवणं, हे कुणा अनुभवी मावशी-काकूंच्या शेजारी बसून शिकण्याचं काम आहे. साबुदाण्याच्या पळीपापड्या मात्र कुणालाही जमतात. एक वाटी साबुदाणा रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात चार-पाच वाट्या पाणी उकळून त्यात तो घाला आणि मंद आचेवर हलवत राहा. दाणे पारदर्शक झाले, मिश्रण पळीतून जाडसर धारेने पडू लागलं की गॅस बंद करा. मीठ आणि जिरं घाला. मीठ हात राखून, कारण वाळल्यावर चव दुप्पट होते. प्लास्टिकच्या स्वच्छ कागदावर पळीने घालून वर मलमलचं फडकं ताणून बांधा. दुसऱ्या दिवशी उलटा. कडक व्हायला दोन-तीन दिवसांचं ऊन लागतं. अर्धवट वाळलेल्या, मधे मऊ असलेल्या पापड्या तशाच खाण्याची मजा कळली की डब्यात जाणाऱ्यांची संख्या घटते, हे आधीच धरून चाला. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट अचानक येते, तेव्हा घरात कुणी नसताना वाळवण बाहेर ठेवू नका.

गुलाबाला या दिवसांत भरपूर फुलं असतात. गावठी, वासाचा गुलाबी गुलाब घरी असेल तर गुलकंद घाला. फुलवाल्याकडचे लांब दांड्यांचे गुलाब चालणार नाहीत, त्यांवर औषधं फवारलेली असतात. पाकळ्या धुऊन सावलीत पूर्ण कोरड्या करा. जेवढ्या वजनाच्या पाकळ्या तेवढीच कुटलेली खडीसाखर घेऊन काचेच्या बरणीत एकावर एक थर द्या. बरणी रोज उन्हात, रात्री घरात, दोन-तीन दिवसांनी कोरड्या चमच्याने हलवायची. फुलं एकदम मिळाली नाहीत तरी हरकत नाही. जशी उमलतील तसे थर वाढवत जा. तीन-चार आठवड्यांत पाकळ्या विरघळून तांबूस चकाकी येते. पाण्याचा एक थेंब गेला तरी बुरशी धरते, तेवढं सांभाळा.

बाजारातही याच दिवसांत काही गोष्टी थोड्या आठवड्यांपुरत्या येतात. ओल्या हरभऱ्याची जुडी मिळाली तर घाटे तव्यावर साल काळवंडेपर्यंत भाजून गरम गरम सोलून खा. शेवग्याची फुलं मिळाली तर धुऊन, पिळून, कांद्यावर परता. कोकणात असाल तर ओल्या काजूंची उसळ सोडू नका.

पाखरांसाठी

मातीचं पसरट ताट, फार तर दोन इंच खोल, सावलीत ठेवा. मधे एक दगड ठेवला की छोट्या पाखरांना बसायला जागा होते. पाणी रोज बदला आणि ताट घासा. साठलेल्या पाण्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, रोज पाणी बदललं तर तो प्रश्नच येत नाही. पहिले काही दिवस कुणी येणार नाही. ताटाची जागा बदलू नका, चिमण्या आणि बुलबुल हळूहळू ओळखतात.

फेब्रुवारीपासून तांबट पक्ष्याचं एकसुरी टुक-टुक ऐकू येऊ लागतं, मार्चमध्ये कोकीळ पहाटेपासून सुरू होतो. या दिवसांत गॅलरीतल्या दोरीला किंवा लोंबत्या वेलीला शिंजिराने (सूर्यपक्ष्याने) पिशवीसारखं घरटं बांधलं तर ती दोरी, ती कुंडी महिनाभर हलवायची नाही. झाडाला पाणी लांबूनच घाला. फोटोसाठी घरट्याजवळ जाऊ नका, पक्षी घरटं सोडून देऊ शकतात.

एक सकाळ घराबाहेर

गॅलरीत कोंब येईपर्यंत एक सकाळ टेकडीवर किंवा रानात काढा. निष्पर्ण पळसावर केशरी फुलं, काटेसावरीवर वाटीएवढी लाल फुलं, पांगाऱ्याचे लाल तुरे हे सगळं साधारण फेब्रुवारी-मार्चचं. मुंबईकरांना त्यासाठी बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जवळ आहे. विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला वसंत राणी गुलाबी फुलते, ती गाडीतूनही दिसते. सह्याद्रीच्या रानात कुसुंबाची नवी पालवी लालबुंद असते, लांबून फुलंच वाटतात. काही नाही जमलं तर जवळच्या पिंपळाखाली उभं राहून वर बघा. तांबूस पानांतून झिरपणारं ऊन एवढ्याच दिवसांत दिसतं.

पळसाखाली पडलेली फुलं पिशवीभर वेचून आणा, फांद्या मोडू नका. मैना आणि बुलबुल त्याच फुलांतल्या मधावर असतात. फुलं गरम पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी कुस्करा आणि गाळून घ्या. केशरी-पिवळं पाणी धुळवडीला किंवा रंगपंचमीला वापरा. कपड्यावर डाग राहतो, म्हणून जुने कपडे घाला. सावलीत वाळवलेली फुलं डब्यात भरून ठेवली तर होळी उशिरा असली तरी चालतं.

पाडव्यानंतर

गुढी उतरली की बागेची तयारी उन्हाळ्याची. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या गॅलरीत ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, पण मोगऱ्याला जाळीबाहेर ठेवा, त्याला ऊन सोसतं. या काळात कुंडी बदलू नका, मोठी छाटणी करू नका, खत अर्ध्यावर आणा. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या की सगळ्यांचीच ओल टिकते. लहान कुंड्या मोठ्या कुंड्यांच्या सावलीत सरकवा.

मे महिन्यात गावी जाणार असाल तर त्याची तालीम एप्रिलमध्येच करून बघा. बादलीभर पाणी कुंड्यांपेक्षा उंच ठेवून त्यातून जाड सुती दोऱ्याच्या वाती प्रत्येक कुंडीत सोडा. दोऱ्याचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत तीन-चार इंच आत खोचलेलं हवं आणि बादलीवर झाकण हवं. शनिवारी लावा, सोमवारी बोट घालून माती तपासा. कुंडी कोरडी पडत असेल तर आणखी एक वात वाढवा, चिखल होत असेल तर दोरा बारीक घ्या. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहणार असाल तर मात्र शेजाऱ्यांकडे किल्ली द्या आणि कोणत्या कुंडीला किती तांबे पाणी लागतं ते कागदावर लिहून ठेवा.